सतराव्या शतकाचा भिंतीवरचा कालपट: शक, हिजरी, इंग्रजी तारखा एका पट्टीवर कशा आणायच्या?

पेठेतला_कारभारी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या हॉलमध्ये २४ फूट लांब मोकळी भिंत आहे. तिच्यावर सतराव्या शतकाचा कालपट लावायचं ठरलंय. राजे, संत, विचारवंत, चित्रकार, आपले आणि बाहेरचे, सगळे एकाच पट्टीवर. पन्हाळ्याला वेढा पडला होता तेव्हा लंडनला काय चाललं होतं, दिल्लीला काय, हे पोरांना एका उभ्या रेषेत दिसलं पाहिजे.

घोडं अडलंय तारखांवर. औरंगजेबाचा मृत्यू एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७, दुसऱ्यात ३ मार्च. शिवरायांच्या जन्माचा १६२७ की १६३० हा वाद ठाऊक आहे, पण १६३० धरलं तरी कुणी १९ फेब्रुवारी लिहितं, कुणी १ मार्च. न्यूटन कुठे १६४२ चा, कुठे १६४३ चा. चूक कुणाची आणि आम्ही धरायचं काय? शिवाय माणसं किती बसतील, छपाई कशी करावी आणि चित्रं कुठली घ्यावीत तेही सांगा.

---

मोडीवाचक

चूक कुणाचीच नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जोड्या एकेकाच दिवसाच्या आहेत, फक्त कॅलेंडर दोन.

स्पेन, पोर्तुगाल, इटली यांनी १५८२ च्या ऑक्टोबरात आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, फ्रान्स आणि हॉलंड प्रांतही त्याच वर्षअखेरीच्या सुमारास आले. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या जुलियनवरच. दोहोंत सतराव्या शतकभर १० दिवसांचा फरक. १७०० हे वर्ष जुलियनमध्ये लीप आहे, ग्रेगोरियनमध्ये नाही, म्हणून त्या वर्षीच्या मार्चपासून फरक ११ दिवसांचा. औरंगजेबाच्या तारखेला २० फेब्रुवारीत ११ मिळवा, ३ मार्च येतो. राजाराम महाराजांचा सिंहगडावरचा मृत्यू २ मार्च १७०० (फाल्गुन वद्य ९, शके १६२१) हा या सांध्यावरच पडतो. तिथे सवयीने १० मिळवले की गडबड. नवी तारीख १३ मार्च, १२ नव्हे.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शिवकाळाच्या तारखा बहुतेक जुलियन असतात. १९ फेब्रुवारी १६३०, ६ जून १६७४, ३ एप्रिल १६८० या तिन्ही जुलियन. ग्रेगोरियनमध्ये त्या १ मार्च, १६ जून आणि १३ एप्रिल.

तिथीवरून तारीख काढताना हा क्रम ठेवा.

आधी शक. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. फाल्गुन वद्य ३, शके १५५१: १५५१ + ७९ = १६३०. इथे ७८ मिळवून १६२९ लिहिणारे बरेच भेटतात.

मग संवत्सर, म्हणजे प्रभवापासून क्षयपर्यंतच्या साठ वर्षनावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. १५५१ ला बाकी ३, म्हणजे शुक्ल. १५९६ ला ४८, म्हणजे आनंद. १६०२ ला ५४, म्हणजे रौद्र. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. कागदातलं संवत्सराचं नाव याच्याशी जुळलं नाही तर शकाचा आकडा नक्कल करणाऱ्याने चुकवलाय किंवा आपण वाचायला चुकलोय. मोडीत असं होतं.

मग वार. हा खरा पंच. कॅलेंडर कुठलंही असो, वार बदलत नाही. जन्माची नोंद शुक्रवारची आहे. जुलियन १९ फेब्रुवारी १६३० शुक्रवार, ग्रेगोरियन १ मार्च १६३० सुद्धा शुक्रवार. राज्याभिषेक शनिवारचा, १६ जून १६७४ शनिवार. मोबाईलवरचं साधं कॅलेंडर मागे नेलं तर ते ग्रेगोरियनच दाखवतं. तिथे १९ फेब्रुवारीचा वार बघून 'नोंदच खोटी' म्हणायला जाऊ नका, आधी १० मिळवा.

एक बारीक गोष्ट. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी मध्यरात्रीला. रात्रीच्या घटनेला म्हणूनच दोन तारखा दिसतात. पन्हाळ्यावरून निसटणं '१२-१३ जुलै १६६० ची रात्र' असंच लिहा.

हिजरी सन चांद्र, वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे ठराविक आकडा मिळवून चालत नाही. सनाला ०.९७०२ ने गुणून ६२१.६ मिळवा, वर्षारंभ मिळतो. औरंगजेबाचा मृत्यू २८ जिल्काद १११८: गुणाकार १०८४.६८, बेरीज १७०६.२८, म्हणजे वर्ष १७०६ च्या एप्रिलात सुरू. जिल्काद अकरावा महिना, म्हणून घटना १७०७ च्या मार्चच्या आरंभी. नुसतं '१११८ म्हणजे १७०६' असं लिहिलं की एक वर्षाची चूक.

मराठी कागदांतला सुहूर सन (आकडे अरबी शब्दांत लिहितात तो) सोपा. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. 'खमस सबैन अलफ' म्हणजे ५ + ७० + १०००, सन १०७५, म्हणजे १६७४-७५.

---

बंदर_खातं

वरच्यात भर. सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारीच्या कागदांत आणखी एक खोच आहे: त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली पत्रं मागच्या वर्षाची वाटतात. सुरतेच्या पहिल्या लुटीचा पहिला दिवस इंग्रजांच्या हिशेबी ६ जानेवारी १६६३, आपण म्हणतो ६ जानेवारी १६६४, आणि शेजारच्या डच वखारीच्या हिशेबी १६ जानेवारी १६६४. वार तिघांचाही बुधवार. संपादित पुस्तकांत अशा जागी '१६६३/६४' छापलेलं असतं. ती छपाईची चूक समजून एक आकडा खोडू नका.

न्यूटनचंही त्यातच आलं. जन्म इंग्रजी हिशेबाने २५ डिसेंबर १६४२, ग्रेगोरियनने ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओ इटलीत ८ जानेवारी १६४२ ला वारला, ही तारीख आधीच ग्रेगोरियन. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य एकाची नवी आणि दुसऱ्याची जुनी तारीख घेतली तरच खरं ठरतं. दोन्ही ग्रेगोरियन घेतल्या तर १६४२ आणि १६४३. दोन्ही जुलियन घेतल्या तर २९ डिसेंबर १६४१ आणि २५ डिसेंबर १६४२. कुठूनही वर्ष एक येत नाही. फलकावर हे वाक्य टाकायचा मोह होणारच, टाळा.

---

सनबोर्ड_सम्राट

छपाईच्या बाजूने बोलतो, कारण वरचा सगळा वाद भिंतीवर किती मिलिमीटरचा आहे ते आधी बघा.

२४ फूट म्हणजे ७३१ सेंमी. १६०० ते १७१० अशी ११० वर्षं घ्या, वर्षाला ६ सेंमी. एकूण ६६० सेंमी, दोन्ही कडांना हातभर जागा उरते. शतक काटेकोरपणे १६०१ ते १७००, पण १७०७ आत घेतलं नाही तर औरंगजेबाची पट्टी कापली जाते आणि बघणारा विचारतो 'मग पुढं काय झालं?' या मापात १० दिवस म्हणजे १.६ मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला दिसायचं नाही. म्हणून पट्टी कुठे सुरू-संपते यावर रात्र घालवू नका. तारीख अक्षरात छापाल तिथे आणि 'त्याच दिवशी', 'त्याच वर्षी' म्हणाल तिथेच डोळ्यात तेल घाला.

उंची १२० सेंमी. वर २५ शीर्षक आणि दशकं, खाली १५ खुलासे, मध्ये ८० सेंमी. माणशी ४ सेंमीची ओळ धरली तर २० ओळी. मलिक अंबर १६२६ ला संपतो, संभाजी महाराज १६५७ ला सुरू होतात, दोघं एकाच ओळीत बसतात. असं केलं की ३० माणसं आरामात मावतील. चाळीस कोंबाल तर कोणी वाचणार नाही.

चार समान तुकडे करा, प्रत्येकी १६५ × १२० सेंमी. ५ मिमी सनबोर्डची (हलक्या फोमच्या पाटीची) शीट ८ × ४ फुटांची मिळते, त्यात हा तुकडा बसतो. लांब फ्लेक्स एकसंध ताणून लावला तर मधे झोळ येतो आणि ट्यूबलाइटचा उजेड चमकतो. मॅट व्हिनाइल घ्या. सांधे १६२७ च्या मध्याला, १६५५ च्या आरंभी आणि १६८२ च्या मध्याला येतात. '३०-२५-२५-३० वर्षं' असं वाटून गोल आकड्यांवर सांधा आणायला जाल तर १६३० आणि १६८० नेमके फटीत जातील. शिवरायांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही फटीत, मग तालमीत काय ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला माहीत. समान तुकड्यांत मुहम्मद आदिलशहाची १६२७ ची सुरुवात पहिल्या सांध्याला लागून येते, त्याचं नाव १० सेंमी उजवीकडे सरकवा.

१०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरे, एक तुकडा साधारण ६५०० × ४७०० पिक्सेलचा होतो. अख्खी ६६० सेंमीची फाइल १५० डीपीआयला केली तर रुंदी ३८,००० पिक्सेलच्या पुढे जाते आणि फोटोशॉपची साधी पीएसडी ३०,००० च्या पुढे घेत नाही. तिथेच बरेच जण अडकतात.

फॉन्ट युनिकोडच ठेवा आणि दुकानात देण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह्जमध्ये (म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत) बदला. नाहीतर त्यांच्या मशीनवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पळते आणि 'क्ष'चे तुकडे होतात. बदलायच्या आधीची फाइल मात्र जपून ठेवा, कर्व्ह्ज झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. नाव ६० पॉइंट, खुलासा २४ पॉइंटच्या खाली नको. फलकाची खालची कड जमिनीपासून ९० सेंमीवर, म्हणजे मध्य डोळ्यासमोर येतो.

---

करवीर_वाचक

माणसं निवडताना एक सुचवतो. कोल्हापूरच्या भिंतीवर आधी कोल्हापूरच्या वाटेने गेलेली माणसं हवीत.

संत बहिणाबाई (१६२८-१७००) बहुतेक याद्यांतून गळतात. त्यांचं कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरात येऊन राहिलं. इथेच जयराम स्वामींची कीर्तनं आणि तुकोबांचे अभंग त्यांच्या कानावर पडले आणि स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला, असं त्या स्वतःच्या अभंगांत सांगतात. त्या काळी एका बाईने स्वतःची चरित्रकथा पद्यात सांगणं ही केवढी गोष्ट आहे! तुकोबांच्या पट्टीचा शेवट १६५० (फाल्गुन वद्य २, शके १५७१), सुरुवात मात्र १६०८ की १५९८ हा वाद आहे. तिथे पट्टीचा रंग फिकट करत न्या, ठोकळ कड देऊ नका. त्याच १६५० च्या फेब्रुवारीत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त स्टॉकहोममध्ये वारला. उभ्या रेषेत दोन्ही टोकं जवळजवळ येतात, फार छान दिसेल.

ताराबाई (१६७५-१७६१) यांची पट्टी उजव्या कडेला बाण देऊन सोडा. रामचंद्रपंत अमात्यांचा घोळ असा, की माणूस सतराव्या शतकातला, जिंजीच्या काळात महाराष्ट्राचा कारभार पेलणारा, पण त्यांचं राजनीतीवरचं आज्ञापत्र १७१५ चं, करवीरच्या संभाजीराजांच्या वेळचं. पट्टीबाहेर जातं म्हणून गाळू नका, बाणाशेजारी छोटी चौकट द्या. थोरले संभाजी महाराज वडिलांच्या मृत्यूच्या वेळी पन्हाळ्यावर होते, तेही इथलंच.

विजापूरकडे दुर्लक्ष नको, हा मुलूख त्यांच्याकडेच होता. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) किताब-ए-नवरस लिहिणारा संगीतवेडा राजा. त्याच्या दरबारी १६१० च्या सुमारास हार्लेमचा कोर्नेलिस हेडा हा डच चित्रकार येऊन राहिला. 'आपले' आणि 'जगातले' असे दोन वेगळे पट्टे करायचा विचार असेल तर या एका माणसाने तो मोडतो.

राजांना दोन जाडी द्या: आयुष्य बारीक, सत्ता जाड. शिवरायांची जाड पट्टी १६७४ पासून धरली तर ती फक्त ३६ सेंमीची होईल आणि औरंगजेबाची १६५८ पासून जवळजवळ तीन मीटरची. बघणाऱ्याची पार दिशाभूल. राज्याभिषेकाला उभी खूण करा आणि जाडी १६४० च्या दशकापासून हळूहळू वाढवा. चौदाव्या लुईचंही तसंच: गादी १६४३, वय पाचही पूर्ण नाही. कारभार हाती घेतला तो त्याचा मुख्य मंत्री माझारँ १६६१ च्या मार्चात मेल्यावर. चीनचा सम्राट कांगशी गादीवर आला तोही १६६१ ला, वयाची सात वर्षंही पूर्ण नसताना.

---

रंगपेटी

चित्रांबद्दल. नियम एकच: चित्र कधीचं आहे ते त्याच्याखाली छापायचं, आणि ज्याचं समकालीन चित्रच नाही त्याला उगाच चेहरा द्यायचा नाही.

शिवरायांची सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली लघुचित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत: ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय. राइक्सम्यूझियम आपल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली संकेतस्थळावर मोफत देतं, छपाईला तीच बरी. कॅलेंडरवरची भव्य चित्रं विसाव्या शतकातली आहेत. लावायची तर 'नंतरचं कल्पनाचित्र' असं स्पष्ट लिहून लावा. तुकोबा आणि बहिणाबाई यांच्यासाठी चेहऱ्याऐवजी अभंगाची एक ओळ सुंदर अक्षरात द्या.

युरोपीय चित्रांत चूक होते ती वयाची. चौदाव्या लुईचं सगळीकडे दिसणारं झग्यातलं चित्र रिगोने १७०१ ला काढलं, तेव्हा राजा ६२-६३ वर्षांचा. ते १६६१ शेजारी चिकटवू नका. न्यूटनचं नेलरने काढलेलं चित्र १६८९ चं, म्हणजे त्याच्या प्रिन्सिपिया ग्रंथाच्या (१६८७) रेषेजवळ नीट बसतं. गॅलिलिओचं सुस्टरमान्सचं चित्र १६३६ चं, म्हणजे खटल्यानंतरचं. देकार्तचं लूव्रमधलं प्रसिद्ध चित्र हाल्सच्या चित्राची नक्कल आहे, तसं लिहा. व्हर्मीरचं स्वतःचं खात्रीचं चित्र नाही, त्याचं एखादं काम लावा. वेलास्केसला वेगळा चेहरा शोधायला नको: 'लास मेनिनास' (१६५६) मध्ये तो स्वतःच कुंचला घेऊन उभा आहे.

जागा एकाच चित्राला असेल तर माझं मत रेम्ब्रांटच्या मुघल रेखाटनांना. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने ॲमस्टरडॅममध्ये बसून मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली, त्यांत शहाजहानही आहे. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, चित्रं व्यापाराच्या वाटेने तिकडे पोचली होती. बरोबर पन्हाळ्याच्या वेढ्याची वर्षं.

रंग छापताना: लघुचित्रांतला सोनेरी रंग व्हिनाइलवर मातकट पिवळा उतरतो. आधी ए४ वर नमुना काढून बघा.

---

पेठेतला_कारभारी

सगळ्यांचे आभार, एवढं कोण सांगतंय! १६६० च्या उभ्या रेषेचा कच्चा मजकूर टाकतो, झाडून काढा:

'१६६०: सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. १२-१३ जुलैच्या रात्री महाराज निसटले, १३ ला बाजीप्रभू पावनखिंडीत पडले. २४ दिवसांनी, ६ ऑगस्टला, माद्रिदमध्ये वेलास्केसचा मृत्यू. चौदाव्या लुईने कारभार हाती घेतला. इंग्लंडात दुसरा चार्ल्स परतला. २८ नोव्हेंबरला लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेची स्थापना.'

---

मोडीवाचक

तीन दुरुस्त्या.

वेलास्केसची तारीख स्पेनची, म्हणजे ग्रेगोरियन. १३ जुलै जुलियन. १३ जुलै म्हणजे ग्रेगोरियन २३ जुलै, तेव्हा अंतर १४ दिवसांचं, २४ चं नाही. लुई पुढच्या रेषेवर न्या, १६६१. आणि तेव्हा त्या जागेला घोडखिंड म्हणत, पावनखिंड हे नाव या लढाईमुळे पडलं. 'घोडखिंड (पुढे पावनखिंड)' असं लिहा.

मजकुरात एक मोठी गोष्ट राहिली. वेढा चालू असताना शाइस्ताखान पुण्यात उतरलेला होता आणि चाकणला वेढा घालून बसला होता. एकाच वेळी दोन आघाड्या, हे कळल्याशिवाय निसटण्याची घाई कळत नाही. विजापूरच्या गादीवर दुसरा अली होता (१६५६ ते १६७२), त्याचं नावही घाला. पन्हाळा त्याच वर्षी आदिलशहाकडे परत गेला, तो ६ मार्च १६७३ ला कोंडाजी फर्जंदांनी घेईपर्यंत. तिथे दुसरी खूण करा.

रॉयल सोसायटीचा २८ नोव्हेंबर १६६० मात्र ठेवाच. अफझलखानाच्या वधानंतर १८ दिवसांनी महाराजांनी पन्हाळा पहिल्यांदा घेतला तो २८ नोव्हेंबर १६५९ ला. लंडनची तारीख जुलियन, आपली छापतात तीही जुलियन, तेव्हा 'बरोबर एक वर्षाने' असं इथे बिनधास्त लिहिता येतं.

---

सनबोर्ड_सम्राट

१६६० ची रेषा तिसऱ्या तुकड्यात डाव्या कडेपासून ३० सेंमीवर येते. एवढा मजकूर तिथे ४ सेंमीच्या ओळीत मावणार नाही. खालच्या १५ सेंमी पट्ट्यात चौकट करा, ४० सेंमी रुंद, २४ पॉइंटमध्ये, आणि रेषेपासून चौकटीपर्यंत बारीक लाल दोरी ओढा. तारखांपुढे 'जु.' आणि 'ग्रे.' ही खूण तिथेच द्या, वर पट्ट्यांवर नको.